घाटाच्या कमानीचा पहिला दसरा

दामूअण्णा खैरनारांचा स्वतःच्या कानांवर जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नसेल, असं त्यांची बायको म्हणायची. ती स्वतः देवभोळी असल्यामुळे हे कौतुक होतं की तक्रार, ते कुणाला कधी कळलं नाही. अण्णांनी मात्र ते कौतुकच धरलं होतं. हातात टामी घेऊन, म्हणजे टायर उचकटायचा तो लोखंडी दांडा घेऊन, ते ट्रकभोवती एक चक्कर मारायचे. प्रत्येक चाकावर एक ठोका. भरलेला टायर टणक बोलतो, हवा उतरलेला घोगरा बोलतो. कोळदऱ्याच्या घाटाखाली गाड्यांची रांग लागली की बाकीचे ड्रायव्हर काचेतून डोकी काढून हाका मारायचे, "अण्णा, माझी पण ऐकून जा की!" आणि अण्णा घाईत असल्याचा आव आणत प्रत्येकाची गाडी ऐकून जायचे. उभ्या हयातीत त्यांच्या गाडीचा टायर घाटात फुटला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितली नाही तर त्यांचा चहा गोड लागत नसे.

घाट तोच होता, गाड्या बदलल्या होत्या. डिझेल इंजिनं जाऊन ट्रकांच्या पोटात बॅटऱ्या आल्या होत्या. गाडी धूर सोडेना, आवाज करेना, पण रिकामी असली तरी वजनाला भारी. उन्हाळेही असे पडू लागले की दुपारी डांबर चपलेला चिकटायचं. या सगळ्याचा भार शेवटी टायरांवर. कोळदऱ्यात टायर फुटायचं प्रमाण वाढलं, आणि एका उन्हाळ्यात कोबीने भरलेला ट्रक टायर फुटून वऱ्हाडाच्या बसवर गेला. त्यानंतर रस्ते विभागाने घाटाच्या तोंडाशी एक कमान उभी केली. तिच्याखालून सावकाश गेल्याशिवाय कोणत्याही जड गाडीला घाट चढता येणार नव्हता. टायर ठीक असला तर कमान हिरवी, गळका असला तर लाल, आणि लाल झाली की रस्त्यावरचा आडवा दांडा उचलायचा नाही.

ती कमान बनवणाऱ्या चमूची प्रमुख होती तेजल दामोदर खैरनार.

"पण तुझी कमान टायरात बघते तरी काय?" अण्णांनी एकदा जेवताना विचारलं होतं. तेजलची आई चुलीपाशी भाकरी टाकत होती.

"उष्णता बघते, अण्णा. आई, जरा थांब. अण्णा, तव्याला हात न लावता नुसता जवळ न्या."

अण्णांनी तळहात तव्याच्या बाजूला धरला आणि लगेच मागे घेतला.

"तापलाय हे लांबूनच कळलं ना? प्रत्येक वस्तूमधून उष्णता बाहेर पडत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासारखी. कमानीतले कॅमेरे म्हणजे तुमचा हा तळहात, फक्त फार बारकाईने ओळखणारा. टायरचा कोणता भाग किती तापलाय, याचं चित्रच काढतात ते."

"हवा गेलेला टायर तापतो, ते मलाही ठाऊक आहे."

"ते नंतर. आधी तो गार पडतो, एका ठिपक्यापुरता. लहानपणी माझ्या सायकलला तुम्ही पंप मारायचात तेव्हा पंपाची नळी तापायची, आठवतं? हवा कोंबली की तापते, मोकळी सुटली की गार होते. ट्रकच्या टायरात हवा केवढ्या जोराने कोंबलेली असते! ती बारीकशा भोकातून बाहेर सुटते तेव्हा पसरते आणि भोकाभोवतीचं रबर गार करते. तापल्या टायरवर असा गार ठिपका दिसला की समजायचं, इथं गळतंय. मग हवा कमी होत जाते, टायर मऊ पडतो, दर फेऱ्याला चेपतो, सुटतो, परत चेपतो. त्या चेपण्याने रबर तापत जातं आणि शेवटी फुटतं. तुम्हाला टायर घोगरा वाटतो तेव्हा बरीच हवा गेलेली असते. कमानीला त्याच्या आधी दिसतं."

"आणि जोडचाकातलं आतलं चाक? ते तर खाली वाकलं तरी धड दिसत नाही."

"रस्त्यात जाड काचेखाली एक कॅमेरा पुरलाय. तो खालून वर बघतो."

अण्णांनी बराच वेळ भाकरी चावली. "ऐकू येत नाही ना तिला काही?"

"नाही, अण्णा."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी ताटात आणखी पिठलं वाढून घेतलं.

पोरीचा अभिमान त्यांना नव्हता असं नाही. नाशिकपासून पार वापीपर्यंत जिथं जिथं ट्रक उभा राहील, तिथल्या चहावाल्याला ती कमान कुणाच्या पोरीची हे माहीत होतं. पण कमान सुरू झाली आणि हळूहळू रांगेतून अण्णांना हाका यायच्या थांबल्या. ड्रायव्हर आता टायर ठोकेनात. कमानीखाली गाडी घालायची, हिरवा दिवा बघायचा, पुढे व्हायचं. घाटात टायर फुटणंही थांबलं, हे अण्णांना दिसत होतं आणि त्याचा त्यांना आनंदही होता. तरी आपल्याच घरातून आपल्याला कुणी उठवून बाहेर बसवल्यासारखं त्यांना वाटायचं, आणि उठवणारी आपलीच लेक, म्हणून बोलायचीही सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, तीही त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षापासून आतल्या चाकांचा आवाज त्यांना नीट लागत नव्हता. बाहेरचा टायर बोलायचा, आतला नुसताच ठक् करायचा. "हल्लीच्या रबराला आवाजच राहिला नाही," असं ते स्वतःची समजूत घालत. घरी बायको ओरडायची, "अहो, टीव्ही काय गावाला ऐकवताय?" तेव्हा हल्लीच्या टीव्हीलाही आवाज राहिला नाही, असं ते म्हणायचे.

मग कमानीचा पहिला दसरा आला.

कोळदऱ्याच्या ड्रायव्हरांचं सीमोल्लंघन म्हणजे घाट. सकाळी गाडी धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पायथ्याच्या घाटजाईच्या देवळासमोर थांबून चाकावर नारळ फोडायचा, आणि आईला नमस्कार करून थेट घाटमाथा ओलांडायचा. एकदा नमस्कार झाला की गाडी मागे वळवायची नाही. रोजचाच हा नेम, आणि दसऱ्याच्या दिवशी तर त्याबद्दल बोलायलाच नको. घाटजाईला पाठ दाखवून कुणी घाट चढला नाही, असं म्हातारे सांगायचे, आणि चढला असता तर काय झालं असतं हे विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

त्या दिवशी दहाच्या सुमारास कमानीने पहिली गाडी लाल केली. मग दुसरी, मग तिसरी. नवे कोरे टायरही लाल. रांग वाढत देवळाच्या खाली माळापर्यंत गेली. टोमॅटोचे क्रेट उन्हात तापू लागले, ड्रायव्हर कमानीच्या खांबांवर थापा मारू लागले. तेजल धावत आली, कमानीवरच्या फलकावर उमटलेली टायरांची चित्रं तिने नीट पाहिली आणि डोक्याला हात लावला. प्रत्येक लाल टायरवर एक गार ठिपका होता, आणि तो होता नारळाच्या पाण्याचा. पाणी वाळताना रबर गार करतं. पाऊस सगळा टायर सारखाच भिजवतो, म्हणून पावसाळ्यात कमान फसली नव्हती. नारळाचं पाणी एकाच जागी पडतं, आणि भोकही एकाच जागी असतं. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, पण कोणत्याही चाचणीत कुणी टायरवर नारळ फोडला नव्हता.

उपाय सोपा होता. गाडी खाली माळावर न्यायची, एक फेरी मारून परत कमानीखाली आणायची. तेवढ्यात टायर तापतो, पाणी वाळतं, खोटा ठिपका निघून जातो. खरं भोक असेल तर भोवतीचं रबर अजून तापतं आणि ठिपका उलट जास्तच ठळक होतो.

"म्हणजे गाडी वळवायची?" ड्रायव्हर संघटनेचे सेक्रेटरी इसाकभाई मणियार म्हणाले. त्यांच्या गाडीलाही झेंडूची माळ होती आणि त्यांनीही नेहमीप्रमाणे नारळ फोडला होता. "आईला नमस्कार करून झालाय पोरी. दसऱ्याच्या दिवशी तिच्याकडं पाठ करून खाली जायचं?"

तेजलने मागे पाहिलं. कमान देवळाच्या वरच्या बाजूला होती. नमस्कार करून पुढे आल्यावर कमान लागायची. सपाट रस्त्याचा तुकडा तेवढाच मिळाला म्हणून तिने तिथे खूण केली होती, आणि नकाशावर देऊळ म्हणजे नुसता एक ठिपका होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "जागा मीच निवडली."

"तू तर ड्रायव्हरची पोर!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि ते तिला लागायचं तिथे लागलं.

रस्ते विभागाचे साहेब दुपारी आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा उतरला. संघटनेला कमान नको असेल तर आज, आत्ता ती बंद होईल, ते म्हणाले, आणि पुढच्या घाटांवर बसवायच्या कमानींचाही मग फेरविचार करावा लागेल. तेजलने कमानीच्या खांबावर हात ठेवला. तिची कितीतरी वर्षं त्या खांबांत गेली होती.

संघटनेचे अध्यक्ष होते दामूअण्णा.

ते रांगेच्या शेवटी होते. इसाकभाई त्यांच्याकडे आले. "अण्णा, तुम्ही पुढं चला. सगळ्यांच्या देखत तुमची गाडी कमानीखाली घाला. तुम्ही ठोकलेले टायरही ती लाल करेलच. मग साहेबाला दाखवू, दामूअण्णांचा कान खरा की हे खांब खरे."

हे ऐकून अण्णांना बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला? कितीतरी महिन्यांनी त्यांच्या कानांची आठवण कुणाला झाली होती. लेकीचा उतरलेला चेहरा त्यांनी लांबून पाहिला. तरी गाडी त्यांनी बाहेर काढली. रांगेने शिट्ट्या वाजवत त्यांना वाट दिली. देवळासमोर ते थांबले, नेहमीप्रमाणे पुढच्या उजव्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकावर नारळ फोडला, नमस्कार केला, आणि गाडी कमानीखाली घातली.

कमान लाल झाली.

एकच हशा उसळला. "बघा साहेब! अण्णांच्या गाडीला पण!" "नारळ फोडला म्हणून गाडी पंक्चर!" इसाकभाईंनी टोपी हवेत उडवली. अण्णा हसत खाली उतरले आणि त्यांनी वर फलकाकडे पाहिलं.

फलकावर गाडीच्या सगळ्या चाकांची चित्रं होती, तांबूस, पिवळी. पुढच्या उजव्या चाकावर एक निळसर ओघळ होता. तो नारळाचा. आणि मागच्या डाव्या जोडचाकात, आतल्या टायरवर, एक बारीक निळा ठिपका होता.

अण्णांचं हसू तोंडावरच राहिलं. तिथे त्यांनी नारळ फोडला नव्हता. तिथे नारळ फोडताच येत नाही.

त्यांनी तेजलकडे पाहिलं. तीही तोच ठिपका बघत होती. लहानपणी दर दसऱ्याला पुढच्या उजव्या चाकाखालून खोबऱ्याचे तुकडे तीच वेचायची. अण्णा नारळ कुठे फोडतात हे त्या गर्दीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती आता म्हणू शकली असती, साहेब, तो दुसरा ठिपका बघा. एका वाक्यात तिची कमान वाचली असती. ती म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, आणि तेही हळू, मान देऊन:

"अण्णा, नारळ किती चाकांवर फोडलात?"

एवढं सोपं उत्तर होतं. "दसरा आहे, सगळ्या चाकांवर फोडले," म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. कमान बंद झाली असती, अण्णांचा कान खरा ठरला असता, उद्यापासून रांगेतून परत हाका आल्या असत्या. आतलं चाक कदाचित माथ्यापर्यंत टिकलंही असतं. आणि कदाचित दुसऱ्या वळणावर, जिथे कठडा तुटलाय, तिथे टिकलं नसतं. मागून तर सगळी रांग सीमोल्लंघनाला निघाली होती.

सकाळी त्या चाकावर टामी मारली तेव्हा काय ऐकलं, ते अण्णांनी आठवून पाहिलं. काहीच ऐकलं नव्हतं. ठक्. गेलं वर्षभर नुसतं ठक्.

"एकाच," ते म्हणाले. मग रांगेला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "एकाच चाकावर फोडला! पुढच्या उजव्या. मागं आतल्या डाव्यावर दिसतोय तो नारळ नाय."

हशा विरला. इसाकभाई जवळ आले. "अण्णा, तुम्ही सकाळी ठोकला असंल ना तो टायर?"

"ठोकला."

"मग?"

"मला ऐकू येत नाय, इसाक," अण्णा म्हणाले. "बाहेरचं चाक ऐकू येतं, आतलं येत नाय. वर्ष झालं. तुमच्या गाड्यापण मी तशाच ऐकल्या. ही कमान नसती तर कुणाचं काय झालं असतं, ते त्या आईलाच ठाऊक."

एवढं बोलून ते गाडीत चढले. स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी मागे वळवली.

रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून बघू लागले. कोळदऱ्याच्या घाटात दसऱ्याच्या दिवशी गाडी वळली होती, आणि वळवणारा संघटनेचा अध्यक्ष होता. देवळापाशी येताच अण्णांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि घाटजाईसमोर हात जोडून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "आई, तुझ्याकडं पाठ करत नाय. दसऱ्याचं दुसऱ्यांदा दर्शन घ्यायला येतो."

मग ते माळावर गेले. भरलेली गाडी त्यांनी चांगली पळवली, वळवली, परत वर आणली. देवळासमोर पुन्हा थांबले, पुन्हा नमस्कार केला आणि पुन्हा कमानीखाली गेले.

पुढच्या चाकावरचा ओघळ पूर्ण गेला होता. मागच्या आतल्या चाकावरचा ठिपका मात्र आता गडद निळा होता आणि त्याच्याभोवती रबर लालभडक झालं होतं. लहान मुलालाही कळलं असतं.

गाडी बाजूला घेऊन चाक काढलं. टायरमध्ये एक मोडका खिळा घुसला होता आणि बाजूच्या भिंतीला अंडं बसेल एवढा फुगवटा आला होता. इसाकभाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "हा घाट चढला नसता," ते म्हणाले, आणि उगाचच टोपी काढून परत घातली. मग स्वतःच्या गाडीकडे जाता जाता ओरडले, "काय बघत बसलात? वळवा गाड्या! आईचं दुसरं दर्शन घ्यायचंय!"

एकामागून एक गाड्या वळल्या. माळावर झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रकांची जत्रा भरली. प्रत्येक गाडी देवळासमोर थांबे, ड्रायव्हर दुसऱ्यांदा हात जोडी आणि मग कमानीखाली जाई. हिरवी, हिरवी, हिरवी. मध्येच एक लाल झाली, आणि ती खरीच गळकी निघाली. साहेबांनी संघटनेचं मत पुन्हा विचारलं नाही. तेजलने मात्र त्यांना सांगून टाकलं, पुढच्या दसऱ्याच्या आत कमान देवळाच्या खाली गेली पाहिजे, खर्चाचं काय ते बघा.

अण्णांचं चाक बदलून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी गाडीच्या आरशावरची झेंडूची माळ सोडली आणि कमानीच्या खांबाला बांधली. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, आणि घाटातलं मोठं हत्यार आता हेच होतं. खांबाच्या पायाशी त्यांनी टामी टेकवली, हळद-कुंकू वाहिलं आणि पिशवीतून नारळ काढला.

"अण्णा, काचेवर नको!" तेजल धावत आली. "पाणी उडेल!"

"एवढं कळतं मला," म्हणत त्यांनी नारळ चार पावलं लांब, दगडावर फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा तिच्या हातात दिला. रांगेतल्या ड्रायव्हरांकडे वळून ते म्हणाले, "ज्याला अजून माहीत नसंल त्यानं ऐका. ही कमान माझ्या पोरीनं बनवली. माझ्या कानाला जे सापडलं नाय, ते हिला सापडलं."

तेजल त्यांच्या शेजारी उभी होती. खोबरं तसंच हातात धरून ती म्हणाली, "कमानीनं फक्त ठिपका दाखवला. गाडी तुम्ही वळवलीत. मला तुमचा फार अभिमान वाटतो, अण्णा."

अण्णांनी कानामागे हात धरला. "काय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, आणि पोटातून जोर लावून ओरडली, "मला तुमचा अभिमान वाटतो!"

खालच्या माळापर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. अण्णा मान खाली घालून गाडीकडे निघाले. पहिल्या वेळी त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.